निळ्या काठाची चिंधी

"कोणी हात लावल्यान ह्या झाडाक?"

माईंचा आवाज पडवीतून आला तेव्हा मी चुलीपुढे तांदळाची भाकरी थापत होते. माई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचा आवाज एरवीही बारीक नव्हता, पण त्या सकाळी तो घरभर घुमला. मी पिठाच्या हातांनीच बाहेर धावले.

पडवीच्या टोकाला, वाशाला टांगलेल्या फणसाच्या ओंडक्याखाली त्या उभ्या होत्या. हातात एक लांबट पान होतं. वर हिरवंगार आणि बुडाशी काळं, पिचपिचीत. माझ्यादेखत त्यांनी दुसऱ्या पानाला नुसतं बोट लावलं, तर तेही सुटून खाली पडलं. बोटभर वाढलेले फुलांचे दोन तुरे माना टाकून लोंबत होते. नासक्या बटाट्यासारखा वास सुटला होता.

"कोणी हात लावल्यान, इचारतंय मी!"

मी हातांचं पीठ पदराला पुसलं. पडवीच्या दुसऱ्या टोकाला माझ्या मोठ्या जाऊबाई, कालिंदी वहिनी, हातात केरसुणी घेऊन उभ्या होत्या.

ही चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मी मूळची कोल्हापूरची, वनस्पतीशास्त्राची बी.एस्सी., वर बी.एड. लग्न होऊन सावंतवाडीजवळच्या त्या गावात आले त्याला वर्षही झालं नव्हतं. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि वहिनी. वहिनींचे यजमान मुंबईला गोदीत कामाला, गणपतीला आणि शिमग्याला येणारे. एकुलता एक मुलगाही शिकायला तिकडेच. वहिनी इथे राहून घर, गोठा, परसू सगळं बघत. त्यांनी काठी रोवली तर तिलाही पालवी फुटेल, असं वाडीतल्या बायका म्हणत. भेंडीचं बी असो की अबोलीची काडी, लोक ती त्यांच्या हातून लावून घ्यायला येत.

ओंडक्यावरची ती आमरी, म्हणजे ऑर्किड, सीतेची वेणी नावाची. सासरे, म्हणजे आबा, वनखात्यात कारकून होते. बारा वर्षांपूर्वी घाटात एक म्हातारा आंबा वादळात आडवा झाला, त्याच्या फांदीवर ती त्यांना मिळाली. त्यांनी ती घरी आणून फणसाच्या ओंडक्यावर काथ्याने बांधली. तिला माती लागत नाही. जाड जाड मुळं लाकडाला मिठी मारून बसतात, उरलेली हवेत लोंबतात. वैशाख सरता सरता तिला हातभर लांबीच्या वेण्या फुटत. पांढऱ्या फुलांवर गुलाबी ठिपके, एकाला एक लागून इतके गच्च की दोन फुलांत दोरा जाणार नाही. पहिली वेणी गावच्या सातेरीला जायची. ती देवळात नेण्याचा मान वहिनींचा होता, कारण नऊ वर्षं झाडाला पाणी त्याच घालत होत्या.

त्या वर्षी तो मान माझ्याकडे आला, आणि तिथूनच सगळं बिनसलं.

झालं असं, की गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला जूनपासून माणूस हवं होतं. आबा शाळेच्या कमिटीवर होते. मी अर्ज केला. ह्यांना विचारलं, तर हे म्हणाले, "आबा म्हणतील तसं." आमच्या ह्यांचं आयुष्यभराचं उत्तर तेच. माईंचा मात्र साफ नकार होता.

"घरातली सून पोरांका शिकवूक जातली? आणि घर कोण संभाळतलो?"

आबांना पाडव्यानंतर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुंबईला नणंदेकडे जायचं होतं. दीड महिना तरी लागणार होता. निघायच्या आदल्या दिवशी पडवीत बसून त्यांनी तोड काढली.

"ह्या वर्षी आमरी उज्ज्वलाकडे," ते म्हणाले. "झाडांचाच शिकान इली आसा ती. मी वेणी बघूक परत येतंय. मगे शाळेचा बघू."

माईंनी लगेच शब्द पकडला. "चलात. एक झाड संभाळल्यान तर शाळा संभाळूक मी आड येवचंय नाय. पण झाडाक काय झाला तर शाळेचा नाव काढूचा नाय."

"कबूल," मी म्हणाले. केवढ्या तोऱ्यात म्हणाले! मला वाटलं, शाळा खिशातच पडली. त्या घरात राहून, भाकऱ्या थापून माझी पदवी सडेल ही भीती मला तेव्हा रात्रंदिवस खात होती. शाळा मिळाली नसती तर मी काय केलं असतं, मला खरंच माहीत नाही.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना वाईट वाटलं असणार. पण दुसऱ्या दिवशी त्याच मला पडवीत घेऊन गेल्या आणि ओंडक्याखाली उभं करून म्हणाल्या, "उजू, ही मुळां बघ. रुप्यासारखी दिसली काय पाणी घालूचा. हिरवी झाली काय पुरे. सकाळीच घाल, सांजचा नको. आणि ह्या बघ, पानांच्या मदी ह्या आसा ना, ह्या तेचा काळीज. हेच्यात पाणी रवता नये."

"ह्याला शेंडा म्हणतात, वहिनी," मी म्हणाले. "वाढीचा कोंब."

"आसात. पण तेच्यात पाणी रवता नये."

मी हसून मान डोलावली. अर्ध्या हळकुंडाने पिवळी होणं म्हणजे काय, ते त्या वेळी मला बघून कुणालाही कळलं असतं.

माझ्याकडे कॉलेजचं एक पुस्तक होतं. त्यात उष्ण प्रदेशातल्या आमरींवर दीड पान होतं. ह्या झाडांना दमट हवा आवडते आणि पातळ केलेलं खत पानांवर फवारलं तर फुलं जोमाने येतात, असं त्यात लिहिलेलं. एप्रिलचं ऊन तापलं तशी मी गोणपाट भिजवून ओंडक्यावर छपरासारखं टाकलं. गोठ्याच्या माळ्यावरचा युरिया चमचाभर पाण्यात कालवला आणि रंगपंचमीची पितळी पिचकारी काढून रोज दिवेलागणीला फवारा मारू लागले. सकाळी भाकऱ्यांची घाई असे, सांजेला वेळ मिळे, म्हणून दिवेलागणी. एवढं साधं कारण होतं.

पंधरा दिवसांत दोन तुरे दिसू लागले. माईसुद्धा येऊन बघून गेल्या आणि त्या दिवशी ताटात मला माशाची दुसरी तुकडी पडली. मी मनातल्या मनात शाळेच्या फळ्यावर नाव लिहून टाकलं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वहिनी बाहेरच्या झाल्या. तेव्हा त्या घरात ते चार दिवस कडक पाळत. मीही पाळायची, दात-ओठ खात पाळायची, पण वहिनींना त्यात काही वावगं वाटत नसे. त्यांच्या आईने पाळलं, त्यांनी पाळलं. बाहेरच्या बाईने पाण्याला, देवाला, लोणच्याला आणि झाडाला शिवायचं नाही. तिने तुळशीला हात लावला तर तुळस वाळते आणि वेलीवर सावली पडली तर कोवळी काकडी गळते, हे त्यांना सूर्य पूर्वेला उगवण्याइतकं ठाऊक होतं.

आणि बाजूला बसायची जागा होती पडवीच्या टोकाला, त्या ओंडक्याच्या बरोबर खाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना लांबून चहा वाढत होते, तेव्हा त्या वर बघत म्हणाल्या, "उजू, गोणपाटाचा पाणी टपाटपा तेच्या काळजात पडता. रात्रभर बघतंय मी. साचान रवलाहा."

"दमट हवा लागते त्याला, वहिनी. पुस्तकात आहे तसं."

"पुस्तकात आसतला. पण वास येता गो. वायच काढ ता गोणपाट, आणि पाणी टिपून घे."

"बघते," मी म्हणाले.

बघितलं नाही. खरं सांगायचं तर मला राग आला होता. माझ्या परीक्षेचा पेपर दुसऱ्या कुणी तपासावा असं झालं होतं. त्या दिवशी सांजेलाही मी नेमाने फवारा मारला, तोही वहिनींच्या डोळ्यांदेखत.

त्यानंतर तीन दिवसांनी ती सकाळ उगवली.

"मी बघलंय," माई म्हणाल्या. आता त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. "गुरवारी दुपारी मी बावडीवरसून येय होतंय. ही स्टुलार चढान झाडाक हात लावी होती. बाहेरची आसताना! मी म्हटलंय, माका भास झालो. आता बघा."

वहिनींचं तोंड पांढरं पडलं.

"खरां काय गो ता?"

"होय," वहिनी म्हणाल्या. "लावलंय हात."

"कित्याक?"

वहिनींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग खाली बघितलं. "लावलंय," त्या एवढंच म्हणाल्या.

माईंनी पुढे जे तोंड सोडलं ते मी इथे लिहीत नाही. देवीची वेणी नासवली, घराला डाग लावला, आणि बरंच काही. "उज्ज्वला, काढ ती घाण खाली," त्या शेवटी म्हणाल्या आणि विटाळ नको म्हणून दुधात तुळशीचं पान टाकून देवघरात जाऊन बसल्या. वहिनी परसात निघून गेल्या.

मी स्टुलावर चढले. ओंडका खाली घेतला. सडलेलं सगळं हाताने उपसताना, पानांच्या मधोमध, वहिनी ज्याला काळीज म्हणत त्या जागी, माझ्या बोटांना कापड लागलं. ओढून काढलं. लुगड्याच्या पदराची बोटभर फाडलेली चिंधी होती, निळ्या काठाची. गुंडाळी करून, पाणी टिपायला खोचून ठेवल्यासारखी. वहिनी गुरुवारी निळ्या काठाचंच लुगडं नेसल्या होत्या.

मला सगळं एका क्षणात कळलं. मी काढलं नाही म्हणून त्यांनी ते पाणी टिपलं होतं. आयुष्यभर जे मानलं ते मोडून, सगळे दुपारचे आडवे झालेले बघून, स्टुलावर चढल्या होत्या. पण तोवर कोंब सडायला लागून आठवडा उलटला असणार. दिवेलागणीचं पाणी, वर गोणपाट, त्यात युरिया. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीनेसुद्धा सांगितलं असतं झाड कशाने मेलं ते.

ती चिंधी माईंपुढे नेऊन ठेवायची आणि सांगायचं, एवढंच काम होतं. आठ-दहा पावलं असतील देवघरापर्यंत. मी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. चिंधी मुठीत घेतली, मूठ पदराखाली घेतली, आणि खोलीत जाऊन ट्रंकेच्या तळाशी, माझ्या सर्टिफिकिटांखाली ठेवून दिली.

मनाला मी असं सांगितलं, की आबा येऊ देत. माईंना शास्त्र कळायचं नाही, आबांना कळेल. आबांना सगळं सांगू.

आबा आले ते वीस दिवसांनी, डोळ्यांवर काळा चष्मा लावून. माईंनी त्यांना खळ्यातच गाठून सगळं सांगितलं. त्यांनी आधी चहा घेतला. मग पडवीत जाऊन रिकाम्या ओंडक्यावरून हात फिरवला. वाळकी मुळं अजून लाकडाला धरून होती. नंतर त्यांनी मला हाक मारली.

"उज्ज्वला, हयसर बस." मी त्यांच्यासमोर जोत्यावर बसले. माई मागे खांबाला टेकून उभ्या होत्या. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात, जिथे नेहमी उभ्या राहत तिथेच.

"तू शिकलेली," आबा म्हणाले. "माका खरां सांग. ह्या बायलांचा मी आयकत इलंय जल्मभर. वनखात्यात पस्तीस वर्सां काढलंय, रोजावरच्यो बायो रोपां लावीत, तेंचे चार दिवस कोण मोजी होतो? माका काय पटना नाय. तू सांग. बाईचो हात लागलो म्हणान झाड मरता?"

मला वाटतं, त्यांना 'नाही' ऐकायचं होतं. त्यांनी तो प्रश्न माझ्यापुढे ठेवला तो दार उघडून द्यावं तसा. मी 'नाही' म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न एकच होता. मग कशानं मेलं? माई मागे उभ्याच होत्या. शाळा सुरू व्हायला अठरा दिवस उरले होते.

"आबा," मी म्हणाले, "शास्त्राला सगळंच कळलंय असं नाही. असूही शकतं."

आबांनी चष्म्याआडून माझ्याकडे बघितलं. डोळे दिसत नव्हते, हे माझं नशीब.

"बरां," ते म्हणाले. "मगे तुझो काय दोष नाय. तेरा तारखेपासून शाळेत जा."

माईंनी नाक मुरडलं, पण शब्द दिला होता. वहिनी दारातून आत गेल्या. त्यानंतर भांड्यांचा आवाज तेवढा येत राहिला.

मी एकतीस वर्षं त्या शाळेत विज्ञान शिकवलं. शेवटची सहा वर्षं मुख्याध्यापिका होते. दर वर्षी आठवीच्या मुलींना वेगळं बसवून मी तो धडा घ्यायची आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायची, की पाळीत हात लागल्याने झाड मरत नाही, लोणचं नासत नाही. मुली लाजून हसायच्या. मी त्यांच्याकडून वर्गातल्या कुंड्यांना पाणी घालून घ्यायची, अगदी त्या चार दिवसांत, मुद्दाम. जिल्ह्यात त्याचं कौतुक झालं. मला एकदा शालही मिळाली.

आणि घरात वहिनींनी त्या वैशाखानंतर एकाही झाडाला हात लावला नाही. चार दिवसांत नव्हे, कधीच नाही. कुणी सांगितलं म्हणून नाही. माई महिन्याभरात विसरल्यासुद्धा, भेंडी लावायला वहिनींनाच हाका मारू लागल्या. वहिनी म्हणायच्या, "माका नको. माझो हात बरो नाय." परसू ओसाड पडलं. अबोली गेली, अळू गेलं. तुळशीला पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. वाडीतल्या बायका आपापल्या काड्या स्वतः लावू लागल्या. ते मी रोज बघत होते, आणि रोज शाळेत जात होते. एका छपराखाली आम्ही चौदा वर्षं काढली. मग आम्ही कुडाळला घर बांधलं आणि मी तिथून सुटले. सुटले असं तेव्हा वाटलं.

माई गेल्या, आबा गेले, वहिनींचे यजमानही गेले. वहिनींचा मुलगा मुंबई सोडून बायकोसह गावी येऊन राहिला. मी निवृत्त झाल्यावर एका ओळखीच्या माणसाच्या बागेतून सीतेची वेणी विकत घेतली, तीन पानांचं रोप. कुडाळच्या गॅलरीत फळीच्या तुकड्यावर बांधलं. सकाळीच पाणी, मुळं रुप्यासारखी दिसली की. कोंबात थेंब राहिला तर कापसाने टिपायचा. चौथ्या वर्षी तिच्याच बाजूला एक पिल्लू फुटलं, मुळं फुटण्याची वाट बघितली आणि ते हलक्या हाताने सोडवून घेतलं.

ते पिल्लू, आणि ट्रंकेच्या तळातली ती चिंधी, दोन्ही घेऊन गेल्या वर्षी मे महिन्यात मी गावी गेले. वहिनी आता पंचाहत्तरीच्या. पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या. मला बघून इतक्या हरखल्या की सुनेला दोनदा सांगितलं, "ही आमची उजू. हेडमास्तरीण."

सून चहा टाकायला आत गेली तशी मी बोलायला सुरुवात केली. किती वेळा मनात घोकलेलं, पण तोंडातून सरळ वाक्य निघेना. सांगितलं, की वहिनी, ती आमरी तुमच्या हाताने मेली नाही. माझ्यामुळे मेली. मी सांजेला पाणी मारत होते, गोणपाट टाकलं होतं, तुम्ही सांगितलं तरी ऐकलं नाही. बाईच्या हाताने झाड मरत नाही. कधीच मरत नाही.

त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तेवा तर तू म्हणालंस, आसू शकता म्हणान."

माझा हात पिशवीतल्या चिंधीकडे गेला.

"माई बोलल्यानी तेवा माका तितक्यासा पटाक नाय होता," वहिनी म्हणाल्या. "ती काय, रोजचीच बोलणारी. मी म्हटलंय, सडान आधीच गेला आसतला. पण आबांनी तुका इचारल्यानी, आणि तू सांगलंस. तू शिकलेली. झाडांचा शिकलेली. मगे पटला."

"मी खोटं बोलले होते, वहिनी. शाळेसाठी. मला शाळा हवी होती."

"असा नको म्हणू." त्यांनी माझा हात धरला. "तू बरी म्हणान आता माझ्यासाठी असा बोलतंस."

मी पिशवीतून चिंधी काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. कापड पिवळं पडलं होतं, काठ अजून निळा होता. "हे बघा. हे तुम्ही पाणी टिपायला घातलं होतं ना? तुम्ही त्याला वाचवत होता. हे मला त्या दिवशी त्याच्या कोंबात सापडलं, आणि मी लपवलं."

वहिनींनी ती चिंधी उचलून डोळ्यांजवळ नेली. बोटांनी काठ चाचपला. बराच वेळ बघितलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, झालं. पोचलं एकदाचं.

"ही तुका गावली होती?"

"हो."

"आणि तू माईंका दाखवक नाय?"

"नाही."

"म्हणजे बाहेरचीच्या अंगावरचा कापड तेच्या काळजात होता, ह्या तुका म्हायत होता," त्या हळूच म्हणाल्या. "ता माईंनी बघल्यानी आसता तर माका घरातसून भायर काढल्यानी आसती गो. मी कितके दिवस भियान होतंय, चिंधी खंय गेली म्हणान. आणि तू ठेवलंस लपवून. इतकी वर्सां." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "त्या दिसा सगळी बोलली माका. तू एकटी गप रवलंस. ता मी कधी इसराक नाय, उजू."

मी खूप बोलले त्यानंतर. शास्त्र सांगितलं, बुरशी सांगितली, आठवीच्या मुलींच्या कुंड्या सांगितल्या. हात जोडले. त्या मान डोलावत राहिल्या, मी कोल्हापूरची नवी सून असताना त्यांच्यापुढे जशी डोलावत होते तशी. चहा आला, तो निवला. शेवटी त्यांनीच माझ्या पिशवीकडे बोट दाखवलं.

"ह्या काय हाडलंस?"

मी पिल्लू बाहेर काढलं. पाच पानं, बोटभर मुळं. वहिनी खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांचा हात आपोआप पुढे आला, अर्ध्यावर थांबला, आणि पुन्हा पदराखाली गेला.

"तुम्ही बांधा ना, वहिनी. तुमच्यासाठीच आणलंय."

"नको गो. माझो हात नको." त्या उठल्या आणि भिंतीला धरून चार पावलं मागे गेल्या. सावलीही पडू नये इतक्या मागे. "तूच बांध. तो ओंडको आसा बघ थंयच, काढूक नाय कोणी."

ओंडका खरंच तिथेच होता, वाशाला. मी स्टुलावर चढले. काथ्याचे दोन फेरे घेतले, गाठ मारली. तांब्यातून ओंजळभर पाणी घेतलं आणि मुळांवर सोडलं.

"सांबाळून गो," भिंतीजवळून वहिनी म्हणाल्या. "काळजात पाणी जाता नये हां."